वजा तेवीस

आमच्या आजीच्या कॅसेटमध्ये सगळ्यात मोठा आवाज आजीचा नाही, तांब्याचा आहे.

पहिल्या बाजूला, एकविसाव्या मिनिटाला. आजी जिवतीची कहाणी सांगते आहे आणि मागे स्वयंपाकघरात पितळी तांब्या फरशीवर पडतो. आधी एक ठण्ण, मग दोन-तीन लहान उड्या, मग काठावर गोल गोल फिरत निवत जाणारा आवाज. आजी थांबत नाही. नुसतं "हं" म्हणते आणि कहाणीतल्या राणीकडे परत वळते.

१९८७चा श्रावण. इंदुरातलं रामबागेतलं घर, बाबांनी कुणाकडून तरी मागवलेला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र), त्याच्या कोपऱ्यात जाळीआडचा इवलासा माइक आणि साठ मिनिटांची कॅसेट. आजीला सांगितलं होतं, नेहमीसारखं सांग. पहिली पाच मिनिटं तिने नेहमीसारखं सोडून सगळं केलं, आवाज काढून बोलली, घसा खाकरला, "चालू आहे का रे?" असं दोनदा विचारलं. मग माइक विसरली आणि आजी झाली.

गेल्या पावसाळ्यात ही कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला बसले. कॅसेट प्लेयरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये, आणि समोर ऑडॅसिटी. हे सॉफ्टवेअर २००० साली आलं, फुकट आहे, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाला पुरून उरतं. अर्ध्या तासाने पडद्यावर आजी दिसू लागली. निळ्या रंगाची, सुरवंटासारखी केसाळ पट्टी, अंगाने अगदी बारीक, आणि एकविसाव्या मिनिटाला एक खिळा, वरपासून खालपर्यंत.

आजी बारीक होती म्हणून मी जे कुणीही करेल तेच केलं. नॉर्मलाइझ. म्हणजे सॉफ्टवेअर पूर्ण फाइलमधला सर्वात उंच बिंदू शोधतं आणि तो छतापासून जरासा खाली येईल इतका सगळा आवाज एकत्र उचलतं. बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. पट्टी तेवढीच बारीक. मग कळलं, तांब्याने आधीच छत गाठलेलं होतं. सगळ्यात मोठा आवाज आहे तिथेच ठेवून आजीला वर उचलायला जागाच नव्हती.

हे छत काय ते आधी सांगते, कारण मलाही ते उशिरा कळलं. डिजिटल आवाजात मोजणी वरून खाली होते. १६ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक क्षणाच्या आवाजाला एक आकडा मिळतो, एका बाजूला जास्तीत जास्त ३२,७६७. सीडीच्या दर्जाला असे आकडे सेकंदाला ४४,१००. सर्वात मोठा आकडा म्हणजे शून्य डेसिबल. त्याच्या वर काही नाहीच, म्हणून बाकी सगळं वजामध्ये. आकडा निम्मा झाला की वजा ६, त्याच्या निम्मा झाला की वजा १२. शून्याच्या वर न्यायला गेलात तर लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. रस्त्यावरच्या आवाजाचे डेसिबल याच्या बरोबर उलटे. तिथे शून्य तळाला आहे, माणसाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजापाशी. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत ते हे खालून मोजलेले. अनंत चतुर्दशीला इंदुरात कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले रथ, निघतात त्या रात्री हा आकडा कुठे असतो ते विचारू नये.

काकांना हे वजावजा पटलं नसतं. आमचे धाकटे काका मालवा हाऊसमध्ये होते, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रात. १९५५ साली हे केंद्र सुरू झालं तेव्हापासून शहरातल्या निम्म्या मराठी घरांना तिथलं कुणी ना कुणी माहीत असायचं. लहानपणी एकदा त्यांनी मला कंट्रोल रूम दाखवली. काचेमागे कुणीतरी बातम्या वाचत होतं, आणि टेबलावर पिवळसर उजेडात एक सुई डुलत होती. शून्याच्या डावीकडे काळा, उजवीकडे लाल. काका म्हणाले, "सुई बोलते त्याच्यावर जाऊ नको. ती आळशी आहे." हे वाक्य मला चाळीस वर्षांनी समजलं.

ती व्हीयू मीटरची, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या यंत्राची सुई. १९३९च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज आणि दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून तिची तऱ्हा ठरवली. आवाज आला की तिला पूर्ण वर चढायला ३०० मिलिसेकंद लागतात. टाळी, ठसका, 'ट'चा फटका यांतलं काही तिच्यापर्यंत धड पोचतच नाही. ती अर्धी उठेस्तोवर आवाज संपलेला असतो. बोलण्यातली खरी शिखरं सुई दाखवते त्याच्या सहज दहा डेसिबल वर असतात आणि इंजिनियर ते मनात धरूनच चालत. पण या आळसाचा एक फायदा होता. आपला कानही असाच आहे. निमिषभराच्या आवाजाला तो पुरती दाद देत नाही. थोडा वेळ टिकलेल्या आवाजाला मात्र तो मोठा म्हणतो. म्हणजे काकांच्या सुईला तांब्या जवळजवळ दिसलाच नसता, आजी दिसली असती. आणि माझ्या हजारो पट चपळ सॉफ्टवेअरला तांब्या दिसला, आजी नाही.

या चपळाईने मला त्याआधी एकदा चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं. एका मंडळाच्या वर्धापनदिनासाठी पाच जणांची वाचनं जोडून द्यायची होती. लोकांनी आपापल्या मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली. एकाच्या मागे सकाळची कचरागाडी गाणं वाजवत जाते (इंदुरात राहून हे चुकत नाही), एकाच्या खोलीत घुमतंय, असं सगळं. मी पाचही फाइली वजा १ वर नॉर्मलाइझ केल्या आणि सारख्या झाल्या असं समजून निर्धास्त झाले. कार्यक्रमात एक निवृत्त बाई हळुवार आवाजात कविता वाचत होत्या, मध्ये एकदा खोकल्या होत्या. तो खोकला वजा १ वर होता आणि कविता त्याच्या पुष्कळ खाली. सभागृह पुढे झुकून ऐकू लागलं. लगेच पुढचे गृहस्थ आले. त्यांच्या मोबाइलने त्यांचा प्रत्येक शब्द दाबून-ठोसून वजा १ला आणून ठेवला होता. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी चक्क कानावर हात घेतले. साउंडवाल्याने धावत जाऊन आवाज उतरवला आणि माझ्याकडे जे बघितलं ते अजून लक्षात आहे.

दोघांची शिखरं सारखीच होती. सारखं काय नव्हतं, ते ऑडॅसिटी त्याच चित्रात दाखवत होती, मीच बघितलं नव्हतं. निळ्या पट्टीत दोन निळे असतात. बाहेरचा गडद निळा म्हणजे शिखरं, आणि आतला फिका निळा म्हणजे आरएमएस. आकड्यांचे वर्ग करा, त्यांची सरासरी काढा, तिचं वर्गमूळ घ्या, झाला आरएमएस. किचकट वाटतं, पण रोज वापरात आहे. घरातल्या प्लगमधले २३० व्होल्ट हे आरएमएसच आहेत; ती वीज क्षणभर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढून येते, पण गीझर किती तापेल हे ठरतं २३०वर. त्या बाईंचा फिका निळा धाग्याएवढा होता आणि गृहस्थांचा रस्त्याएवढा.

तरीही आरएमएस म्हणजे कान नव्हे. त्याला पंख्याची घरघर आणि माणसाचं बोलणं दोन्ही सारखीच ऊर्जा. आपल्याला तसं नसतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून दाखवून दिलं की तितक्याच जोराचा खर्ज आपल्याला बारीक वाटतो आणि दोन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज टोचतो. मराठीत "आवाज चढला" म्हटलं की पट्टी चढली की जोर वाढला हे वेगळं काढता येत नाही. आई रागावली की दोन्ही होतं. भाषेने हा घोळ मुद्दाम ठेवलाय असं मला कधीकधी वाटतं.

आणि 'हळू'चं काय करायचं? हळू बोल म्हणजे बारीक आवाजात, हळू चाल म्हणजे सावकाश. एकच शब्द. इंदूरच्या माणसाला यात नवल वाटू नये, कारण आमच्याकडे उस्ताद अमीर खाँसाहेब होऊन गेले. १९१२ ते १९७४. इंदूर घराणं म्हणतात ते त्यांच्यामुळे. झुमरा तालाच्या चौदा मात्रा इतक्या लांबवायच्या की ऐकणाऱ्याला सम विसरायला होईल, आणि बढत, म्हणजे रागाचा विस्तार, मंद्रातून, खालच्या सप्तकातून, आवाज कुठेही न फेकता. त्यांच्या गाण्यात दोन्ही 'हळू' एकत्र नांदतात. घरी मी त्यांचं रेकॉर्डिंग लावलं की व्हॉल्यूम वाढवत नाही, पंखा बंद करते.

तर कानासारखं मोजणारं माप हवं होतं. ते २००६ साली आलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या त्या शिफारशीचं नाव बीएस १७७०, रुक्ष म्हणजे किती. काम मात्र चतुर आहे. मोजण्याआधी आवाज दोन चाळण्यांतून जातो: एकीने अगदी खालचा खर्ज कमी होतो, दुसरीने दोन हजार हर्ट्झच्या वरचा भाग सुमारे ४ डेसिबलने उचलला जातो. मग सरासरी. जो आकडा येतो तो लफ्समध्ये. खरं तर एलयूएफएस, पण ऑडिओवाले लफ्स म्हणतात आणि इंदुरी कानाला ते उर्दू लफ्जासारखं ऐकू येतं. युरोपातल्या प्रसारणकर्त्यांनी २०१०मध्ये ठरवलं की प्रत्येक कार्यक्रम वजा २३ लफ्सवर बसवायचा. अमेरिकेत तर टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमापेक्षा जोरात ओरडतात म्हणून त्याच वर्षी कायदा झाला आणि २०१२च्या डिसेंबरपासून लागू झाला. गाण्यांच्या कंपन्यांनी सीडीच्या काळात एकमेकांवर कडी करत सगळं छताला नेऊन चिकटवलं होतं, त्याचीही हवा या मापाने बरीचशी काढली. यूट्यूबवर, स्पॉटिफायवर साधारण वजा १४ धरतात. त्याहून जोरात दिलं तर ते खाली आणतात. ओरडून उपयोग नाही, एवढंच.

या मापातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते शांतता कशी मोजतं. मोजत नाही. फाइलचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं, एकमेकांवर चढलेले, कौलांसारखे. वजा ७०च्या खालचे तुकडे फेकून देतं. उरलेल्यांची सरासरी काढतं, आणि त्या सरासरीच्या १० एकक खाली जे असतील तेही फेकतं. मग राहिलेल्यांची सरासरी. नाहीतर मध्ये खूप थांबे असलेलं भाषण उगाच बारीक ठरलं असतं. हे ठीकच आहे. पण खाँसाहेब दोन स्वरांच्या मध्ये थांबतात आणि नुसते तानपुरे उरतात, तो थांबा दहा एककांहून खाली असला तर मापाच्या लेखी ती जागाच नाही. आमच्यासारख्यांचं निम्मं ऐकणं तिथे असतं.

आजीच्या बाबतीत याच कलमाने गंमत केली. त्या काळच्या टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखणारं सर्किट असे. कुणी जोरात बोललं की ते माइकची धार कमी करी, गप्प बसलं की वाढवी. त्यामुळे आजी दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबली की छतावरचा पंखा हळूहळू मोठा होत पुढे येतो, आणि ती बोलू लागली की मुकाट मागे सरतो. पूर्ण कॅसेटभर पंखा असा ये-जा करतो. तो आजीच्या फक्त आठेक एकक खाली होता, म्हणजे गाळणीत अडकत नव्हता; माप त्याला आजीच समजत होतं. मी पंख्याचा आवाज कमी केला आणि परत मोजलं. आजीच्या शब्दांना हात लावला नव्हता, तरी आकडा जवळजवळ एका एककाने वर गेला होता. मौनातला कचरा काढला तर बाई मोठी झाली. मी तीनदा मोजून बघितलं.

मध्ये आणखी एक फसगत. फाइल मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची होती, आणि मोनोला एकच वाहिनी धरून मोजलं तर आकडा तीनने कमी येतो, कारण प्रत्यक्षात दोन्ही स्पीकर वाजणार असतात. ऑडॅसिटीत त्यासाठी एक खूण करायची चौकट आहे. ती न बघता मी आजीला तीन डेसिबल जास्त चढवून बसले होते. असो.

सगळं सारून आकडा आला वजा २९. वजा २३ला न्यायचं तर ६ने उचलायचं, आणि ६ने उचललं की तांब्या फाटणार. तांब्याने सगळ्यांना वेठीला धरलं होतं. मी तो काढून टाकला. एकदम बेमालूम निघाला. "हं"च्या आधीचा पाव-अर्धा सेकंदाचा मुख्य ठणका कापला, उरलेल्या खळखळीवरून पंख्याचा तुकडा फिरवला. आजी ६ने वर आली. वजा २३.०. पट्टी भरली. मला वाटलं झालं काम.

आईला ऐकवली. आई ब्याऐंशीची, आजीची मुलगी. राजेंद्रनगरच्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, मी स्पीकर जवळ ठेवला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आवाज येतोय गं, कळत नाहीये."

मी आवाज वाढवला.

"मोठा नको करूस. कळू दे."

तिच्या कानाच्या तपासणीचा कागद माझ्याकडे होता. खालचे सूर ठीक, दोन हजार हर्ट्झच्या वर आलेख जिन्यासारखा उतरलेला. वयाने असंच होतं. 'आ', 'ओ' पोचतात. 'स', 'श', 'फ', 'ट' वाटेत गळतात. राणी सुईणीला काय म्हणाली ते आईला ऐकू येत होतं, फक्त शब्द सोडून. वजा २३ ज्या मापाने मोजतात ते अनेक धडधाकट कानांच्या सरासरीवर बेतलेलं. त्यात माझी आई नव्हती.

मग आम्ही दोघी बसलो. मी इक्वलायझरवर दोन ते पाच हजारांचा भाग थोडा थोडा उचलत गेले आणि ती हात वर करून सांगत गेली: थांब, अजून, आता चिरकतंय, मागे घे. एका ठिकाणी तिने हात खाली ठेवला आणि काहीच म्हणाली नाही. कहाणी पुढे चालली. माझ्या कानाला आजी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटत होती. आईचे ओठ हलत होते, आजीच्या अर्धा शब्द पुढे.

एकविसावं मिनिट आलं. आईने मान जरा स्वयंपाकघराकडे वळवली. आजी म्हणाली, "हं." आणि पुढे गेली.

"तांब्या कुठे गेला?" आई म्हणाली.

"काढला. फार मोठा होता."

"मग ती 'हं' कोणाला म्हणाली?"

मूळ फाइल होती, बरं. त्या रात्री तांब्या परत बसवला. तेवढाच तुकडा वेगळा निवडून ७ डेसिबलने उतरवला, म्हणजे छताला न लागता मावला. उड्या आणि काठावरचं फिरणं तसंच ठेवलं. मग पूर्ण फाइल पुन्हा मोजली. शिखर आता छताच्या खाली होतं. लफ्सचा आकडा मात्र तांब्यासकट तोच होता, दशांशासुद्धा हलला नव्हता.